पिंपावरचा धोंडा

आमच्या लोकांत मूर्ती चालत नाही.
भिंतीवर क्रूससुद्धा नाही. कशिद्याचा टॉवेल, घड्याळ,
टेबलावर भाकरी आणि मीठ.
एकच पुतळा होता घरात, तोही वहीत:
बाबेलच्या राजाला झोपेत दिसलेला,
डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, पोट पितळेचं,
पाय लोखंडाचे
आणि पावलं लोखंडात माती कालवलेली.

पणजोबांनी तो काढला तेव्हा
वरचे मजले ठरलेलेच होते.
बाबेल. मेद आणि पारसी. ग्रीक. रोम.
ते शाईनं लिहिलेत, शाई अजून काळी आहे.
पावलांपाशी मात्र पेन्सिल.
डावीकडे झार,
ज्याच्या हुकमानं आमची माणसं बैलगाड्यांत बसून
या आर्मेनियाच्या डोंगरांत येऊन पडली.
उजवीकडे सुलतान.
दोघेही गेले, पाठोपाठ.
खोडरबर गावात नव्हतं,
पणजोबांनी भाकरीच्या मऊ गोळ्यानं खोडलं
आणि गोळा कोंबड्यांना टाकला.

सदतीस साली गणवेशवाले आले.
त्यांनी पणजोबांना नेलं. वही नाही नेली.
वही तेव्हा कोबीच्या पिंपाखाली होती.
तिच्या कडांना अजून आंबट वास येतो.

येफीमआजोबा लढाईवरून परतले
ते स्वतःच्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून,
आणि पुतळ्याच्या बोटांचा हिशेब मांडायला बसले.
नऊ बसली. दहाव्याखाली, अंगठ्याखाली,
लिहिलं 'संघ',
इतकं बारीक, जणू अक्षरानंही दार लावून घेतलंय.

मी लाल रुमाल बांधून शाळेत जायचे.
बाई म्हणायच्या, संघ चिरंतन आहे.
घरी आजोबा सूप फुंकत म्हणायचे, माती आहे.
मी दोन्हीकडे मान डोलवायचे.

तो पडला त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
शेजारच्या फेदोस्याकडे बॅटरीवरचा रेडिओ होता,
तीच सांगत आली, बुटांचा बर्फ न झाडता.
आजोबा उठले नाहीत. स्तोत्र धरलं नाही.
बचत बँकेत त्यांचे सहा हजार रुबल होते,
एक गाय आणि वर पत्र्याचं छप्पर, एवढे.
पुढच्या वसंतात तेवढ्यात काड्यापेट्या आल्या,
त्याही दमट.
चाळीस वर्षं ज्याच्या पडण्याची वाट पाहिली
त्याच्याच खिशात आपली गाय ठेवली होती!
आगाफ्याआजी आधी हसली.
नंतर गोठ्यात जाऊन बराच वेळ आली नाही.

परवा चुलतभावाचा मुलगा आला, स्टाव्रोपोलहून.
सिलांती नाव, दाढी कोवळी,
मोबाइलवर नकाशा, नकाशावर दहा देश रंगवलेले.
म्हणाला, आत्या, आता जुळतंय सगळं, लिहून घे.
मी वही काढली.
पावलं होती तिथे भोक आहे.
तीन पिढ्यांनी इतकं खोडलंय
की कागदच उरला नाही,
आणि त्यातून मागच्या पानावरचं
आजीचं अक्षर दिसतं:
शंभर किलो कोबीला दोन किलो मीठ.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,
पण दगड? पुतळ्यावर येऊन आदळणारा,
ज्यानंतर सोनं काय नि माती काय,
खळ्यावरचं भूस?
तो कोणत्या दिशेनं येणार, आजोबा काही बोलले होते?

बोलले असतील. मला ऐकू येत होतं ते त्यांचं फुंकणं.

ऑक्टोबर होता. पिंप भरलं होतं,
गाजराचे लाल काप वर तरंगत होते.
फळीवर ठेवायचा धोंडा मी ओढ्यावर धुऊन आणला,
आजीचा, तिच्याआधी तिच्या सासूचा.
त्याला टाकीचा एकही घाव नाही.
तीस वर्षं धुतेय, हात फिरवून पाहिलंय,
माणसाच्या हातानं घडवल्याची खूण नाही कुठे.

सिलांतीला म्हटलं, फोन ठेव,
दुसऱ्या बाजूनं उचल. कंबरेतून नको, गुडघ्यातून.
ठेवला.
खालून पाणी वर आलं, हळू,
फेस धरत.