पाण्याला उतार नसतो

जुना ब्लॉक फुटला तो नोव्हेंबरात,
विनेबेगो तळ्यावर बर्फ धरण्याआधीच.
पोटातलं पाणी काढायचं राहून गेलं.
त्या आठवड्यात डेल्मरमामा
ऑशकॉशच्या इस्पितळात आर्लीनमामीच्या उशाशी होता.
एप्रिलमध्ये ताडपत्री काढली
तर लोखंडावर एक रेघ,
केसाएवढी, नखाला लागणारी.
तो काही बोलला नाही. मीही नाही.

मग नव्या इंजिनाचा शोध.
मी म्हटलं, ॲपलटनला एकाकडे आहे,
शर्यतीच्या गाडीतलं, पाचशे अश्वशक्ती.
"थेया, गाडीला उतार मिळतो.
सिग्नल मिळतो, पाय उचलून दम खाता येतो.
पाण्याला उतार नसतो, बाई.
बोटीला घाट लागतो तो धक्क्यापासून धक्क्यापर्यंत.
घोडे काय मोजतेस? ओढ बघ."

मिळालं शेवटी रिपनजवळ,
मक्याच्या ट्रकमधलं, सात पूर्णांक चार लिटर,
कार्बुरेटरात गांधीलमाश्यांचं पोळं.
विकणाऱ्या बर्निस शिमान्स्कीबाईंनी
दोनशे डॉलर सांगितले,
आणि वर एक फेरी. "बोटीतून. पुढे बसून."

जून गेला, जुलै गेला गॅरेजात.
बाजूच्या लोखंडी टोप्या उपटून पितळी ठोकल्या;
गोडं पाणीही लोखंड खातं, घाई न करता.
कॅमशाफ्ट असा निवडला
की वर जाऊन किंचाळणार नाही,
तीन हजार फेऱ्यांत खांदा लावेल.
कार्बुरेटर बोटीचाच घेतला, महागातला:
तळात पेट्रोलची वाफ साचली
तर एक ठिणगी पुरते.
मामाचा हात हल्ली थरथरतो.
पाना मी धरला, तो कान देऊन बसला.
मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग बाहेर बाहेर.
खट्. "पुढचा." खट्.
"हा परत."

पंख्यावरून भांडलो.
मी एकोणीसचा पिच म्हणत होते, तो सतराचा.
सतराचाच आला.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी
मेनाशाच्या उतरंडीवरून बोट पाण्यात सोडली.
दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं.
बर्निसबाई पुढे, डोक्याला रुमाल,
दोन्ही हातांनी कठडा घट्ट.
नाक वर झालं, मग बसलं, आणि तळं
आमच्याखालून सरकायला लागलं.
मी ओरडले, कसं वाटतंय?
मामा इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून होता.
"चौथ्याचा वॉल्व्ह जरा बोलतोय," म्हणाला.
मला तर काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी बोट ट्रेलरवर चढवली.
बर्निसबाई गेल्या, रुमाल विसरून.
मामा वाकला, ब्लॉकच्या दोन्ही अंगांचे नळ,
त्यानंच लाल रंगवलेले, उघडले.
पाणी आलं, कोमट, गंजाचं,
मग धार बारीक, मग थेंब.
तो उकिडवा बसून राहिला
शेवटचा पडेपर्यंत, आणि त्यानंतरही.

बाहेर बत्तीस अंश होते.