अर्ध्या टोपलीची हमाली

मढच्या भाटीत, मंगळवारी, जाळ्यांच्या शेडमध्ये
नऊ बाया बसतात. आज आठ.
कंपनीचा मुलगा टॅब उघडतो,
आधी शपथ म्हणून घेतो
(आम्ही वेळेवर, आम्ही एकमेकींच्या जबाबदारीवर).
भानुमती का आली नाही, हे विचारत नाही.
म्हणतो, सहाशे बहात्तर कमी आहेत,
पुरे होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

बाहेर वलांडीवर बोंबील.
एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून
जोडी दोरीवर टाकायची,
हे आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही.
एक निसटला की दुसराही वाळूत.

तास गेला. कावळे खाली उतरले.
उठून हाकलायचीही सोय नव्हती.
मथुरानं पदराची गाठ सोडली,
सेसिलियानं कमरेची पिशवी.
चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी.
मी लिहीत गेले.
बारावी झालेली मी एकटीच, म्हणून वही माझ्याकडे.

तेवढ्यात रेजिनामावशी,
जी अंगठ्याला शाई लावताना दरवेळी
नेलपॉलिश म्हणून हसते,
म्हणाली, ए बाला, एक सांग मना.
तीस हजार दिलंस. पंचवीस हप्ते भरले मी.
अर्धी टोपली खाली जाली नं?
मग हमाली अजून भरल्या टोपलीची कशी घेतोस?

तो म्हणाला, मावशी, बारा टक्के. फ्लॅट.
फ्लॅट मालाडला मिलतान, ती म्हणाली,
हितं टोपलीचं बोल.

त्यानं टॅबवर बोट फिरवलं, वर, खाली.
टॅबमध्ये तो प्रश्न नव्हता.
वाईट नव्हता पोरगा. घाम पुसला,
त्याचेही कुठेतरी हप्ते असणार.

रात्री मी मोबाइलवर गणित मांडलं:
दर आठवड्याला उरलेलं मुद्दल, त्यावर व्याज.
बारा नव्हे. तेवीसच्याही वर.
वाटलं, आत्ता दारोदार जाऊन सांगावं.
मग आठवलं, आपला बचत गट
महिन्याला शेकडा दोन घेतो. म्हणजे चोवीस.
पत्र्याच्या पेटीपुढे बसून राहिले जरा.
आपलं व्याज फिरून आपल्याच पेटीत येतं, खरं.
दिवाळीला वाटून घेतो, तेही खरं.
पण मथुरा गेल्या साली पेटीतून उचलून
कंपनीला भरत होती,
ते कुठल्या रकान्यात धरायचं?

भानुमतीकडे गेले.
ती दुसऱ्याची करंदी सोलत बसलेली,
दिव्याखाली, ओट्यावर.
वर न बघता म्हणाली,
पैसं मी बघितलंच नाय गो.
जावेच्या भावाला रिक्षा घ्यायची होती,
नाव माझं लागलं. आता तो फोन उचलत नाय.
मग हात थांबवून म्हणाली,
फॉर्म तूच तर भरलास.

भरला होता. वळणदार अक्षरात.
कर्जाचे कारण, या ओळीपुढे
मी लिहिलं होतं: सुकी मासळी.
तिला विचारलं नव्हतं.
सगळ्यांच्या फॉर्मवर तेच लिहिते मी,
लवकर मंजूर होतं.

गुरुजी म्हणायचे, हिला वाचता येतं.
ते मी इतकी वर्षं खरं धरून चालले.

तिच्या शेजारी बसले.
एक टोपलं ओढलं पुढ्यात.
करंदीचं डोकं मोडून साल काढायची,
अंगठ्याला काटा लागतो, तो आधी कळत नाही,
मीठ लागल्यावर कळतो.
किलोमागे किती देतात, विचारलं.
तिनं सांगितलं.
सहाशे बहात्तरला ते कितीनं जातं,
याचा भागाकार दोघींनी एकाच वेळी
मनातल्या मनात केला असणार,
कारण दोघींचे हात एकदमच थांबले.
उत्तर कुणीच बोललं नाही.
मग तिनं दिवा जरा माझ्या बाजूला सरकवला.