सहावा खुंट

पहिला खुंट शाळेच्या कुंपणामागे.
दुसरा अपिसाईमामाच्या दालोच्या वाफ्यांना लागून.
तिसऱ्यापाशी लावलेली महोगनी संपते
आणि जंगल स्वतःच्या आवाजात बोलू लागतं.
चौथा, पाचवा – मधली वाट हातापायांनी चढायची.
सहावा ढगात.
त्याला केशरी रंग मीच दिलाय, दोनदा.
शेवाळ खाऊन टाकतं.

काम तसं सोपं.
पांढऱ्या कार्डावर चमचाभर ट्यूना, बिस्किटाचा चुरा,
आणि तासभर गप्प बसणं.
कोण आधी येतं, कोण कोणाला हुसकतं, लिहायचं.
मग पाचोळा चाळून कापडी पिशवीत टांगायचा,
खाली स्पिरिटची बाटली.
'दारू मुंग्यांना, आपल्याला यंगोना,' मामा म्हणतो,
दर वेळी, पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

मामानं पंचवीस वर्षं याच डोंगरावर करवत चालवली.
बुंध्यावर थाप मारून झाडाचं वय सांगायचा.
आता एक डोळा मिटून भिंग धरतो,
मुंगीच्या कमरेच्या गाठी मोजतो.
एक, की दोन?
'लोसालीनी, एवढ्याशा जिवाला दोन-दोन गाठी कशाला गं?'

त्यांतली एक, वहीत तिला नुसता नंबर,
आमच्यात ती म्हातारी.
काळी, जड, पाठीवर काटे.
चालते अशी, की मयताला निघालीय
आणि अजून वेळ आहे.
पहिल्या वर्षी ती तिसऱ्या खुंटापाशी भेटली.
तिसऱ्या वर्षी तिथंच बसले,
तास गेला, पायाला मुंग्या आल्या, ती आली नाही.
चौथ्यापाशी होती.
मग दोन वर्षांनी पाचव्यापाशी.
आम्ही हसलो, म्हटलं, हिचं वर काही काम असेल.

तिसऱ्यापाशी आता पिवळ्या.
लांब पायांच्या, घाईच्या,
कार्ड ठेवून हात मागे घेईपर्यंत हजर.
लाकडाच्या ट्रकांबरोबर आल्या म्हणतात,
रस्ता झाला त्याच साली.
आईच्या साखरेच्या डब्यात त्याच,
भाचीच्या चटईवर त्याच.
आई डबा पाण्याच्या ताटलीत ठेवते.
एवढ्या जंगलाखाली कुठली ताटली ठेवू?

सुवाहून साहेब आले, बूट नवे.
'वर हवा किती तापली, नोंद आहे?'
यंत्राचे सेल मार्चमध्येच संपले होते.
'मग कशावरून म्हणता?'
मामानं वही पुढे सरकवली.
साहेबांनी सात वर्षांच्या आकड्यांवरून बोट फिरवलं,
वहीत सुकलेली एक निघाली, ती झटकली.
'मुंगीच ना,' म्हणाले.
मुंगीच.

गेल्या मंगळवारी सहाव्यापाशी ढग इतका दाट
की मामाचा फक्त खोकला तेवढा होता.
कार्ड ठेवलं.
अठ्ठेचाळीस मिनिटांनी ती आली,
एकटी.
ट्यूनाला मिशा लावल्या, खाल्लं नाही.
कार्डाची कड ओलांडून खुंटावर चढली,
केशरीवरून, शेवाळावरून, माझ्या हातच्या
वाकड्या सहाच्या आकड्यावरून, टोकापर्यंत.
आणि थांबली.
मिशा वर करून चाचपत राहिली हवेत,
अंधारात जिन्याची पुढची पायरी चाचपावी तशी.

मामानं बोट खुंटाला टेकवलं.
नियमात बसत नाही ते.
ती बोटावर आली, मनगटावर आली,
मग त्यानं हात वर केला,
ती चढत गेली, त्यानं आणखी वर केला,
टाचा उचलल्या.
करवतीनं दोन बोटं नेलेला तो हात
ढगात कुठवर गेला मला दिसेना.

मी वेळ लिहिली. उंची लिहिली.
रकान्यात मामाचा हात धरावा की नाही, कळेना.

'पोरी,' तो वरूनच बोलल्यासारखा बोलला,
'उतरताना हिला कुठं ठेवू?'