दिवस

रुवीतल्या आमच्या फार्मसीत, रात्री साडेनऊला,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना
शाहिस्ता परकार आली.
ओढणीच्या टोकाला सुई, सुईत काळा दोरा.
दिवसभर अबाया शिवते. मूळची मंडणगडची.
काउंटरवर तिनं मूठ उघडली:
कात्रीनं कापलेल्या पट्टीत चार गोळ्या.
“यातल्याच अजून सहा द्या.”

कुणाच्या?
रूमवरच्या सिंधूताईच्या. गावी गेली ती,
जाताना तेलाची बाटली, उशी आणि ह्या ठेवून.
तिला बरं वाटलं होतं, म्हणून उरलेल्या.

कशासाठी?
ती मागं उभ्या पठाणाकडं बघते.
अरबीत तिला मापं येतात, हिंदीत भाव करता येतो,
हे मात्र तिच्याकडं एकाच भाषेत आहे.
पठाण खोकल्याचं औषध घेऊन जातो.
मग काचेवर वाकून, अगदी हळू:
“ताई, अंगावरून जातंय. लघवीला आग होते.
काल दोन घेतल्या.”

मी पट्टी उलटी करते.
नावाचं डोकं छाटलेलं, शेपूट तेवढं शिल्लक:
सायक्लिन.

पाळी कधी आली होती?
ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत नाही, मोजते.
मागच्या पगाराआधी. नाही, त्याच्याही आधी,
नवरा सोहारहून आला त्या शुक्रवारच्या,
मालकिणीच्या लेकीचा निकाह, सत्तर अबाया,
त्याच्याही...
बोटांवरची पेरं संपतात.

दुकानामागच्या संडासात नळ बराच वेळ वाहतो.
येते तेव्हा हातात दुसरीच पट्टी,
तिच्यावर दोन गुलाबी रेघा.
दिवस गेले म्हणतो आपण.
कुठं गेले, ते कुणी विचारत नाही.

सकाळी डॉक्टर थुरैयाकडं जा.
लघवी तपासून घे. आधी हे सांग,
आणि कालच्या दोन गोळ्याही सांग, लपवू नकोस.
अशात चालणाऱ्या गोळ्या असतात गं,
काहीच न घेणंही बरं नव्हे.

“आग थांबली की बंद करू?”
नाही. ती लिहील तेवढे सगळे दिवस.

तेव्हा कुठं हसली.
“इथं आल्यापासून दुसरं काय मोजतेय, ताई?”

चार गोळ्या मी टाकायच्या डब्यात टाकल्या.
तिची सुई काउंटरवरच राहिली.
पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यात टोचून ठेवलीय,
दोऱ्यासकट.