दोन सेंट जादा

मन्सी गावात यंदा मांजरपाटाला भलतंच गिऱ्हाईक.
ताग्यामागून तागा संपतोय,
पण नवी चादर
एकाही दोरीवर वाळताना दिसत नाही.

वसंतात एझ्रा पेटिफोर्डनं
मेन स्ट्रीटवर पाटी लावली : दातांचे डॉक्टर.
गावातला पहिला काळा डॉक्टर.
त्याची थोरली पियानो शिकते,
खिडकी उघडी ठेवून.

ड्रुसिला गोऱ्यांचं धुणं धुते.
परवा बँकवाल्या साहेबांच्या बोचक्यात
उशीचा अभ्रा निघाला,
दोन भोकांचा, रॉकेलच्या वासाचा.

तिनं विचारलं नाही.
भोकं रफू केली,
नीळ दिली, इस्त्री फिरवली,
घडीवर बिल ठेवलं :
रफूचे दोन सेंट जादा.

पोचवून आली,
आणि मग दाराला आतून
टेबल लावलं,
टेबलावर पाण्यानं भरलेलं
धुण्याचं घंगाळ.