रेघेपर्यंत

रोवेना कायमची परत निघाली तेव्हा
तिनं सोफा विकला, सायकल विकली
आणि ही साठ लिटरची काच मला पाच दिनारांत दिली,
वर अर्धी बादली मीठ फुकट.
"फार काही करू नकोस," म्हणाली,
"जे करशील ते हळू कर."
काचेवर तिच्याच हातची निळ्या मार्करची रेघ होती.
पाणी एवढं असू दे.

हिद्दच्या कारखान्यात मी आठ तास
समुद्रातून मीठ वेगळं काढतो.
शहर पितं ते पाणी माझ्या पाळीत गाळून निघतं,
उरलेलं जहाल खारं
पाइपातून परत समुद्राकडे.
मग मुहर्रकला, तिसऱ्या मजल्यावर,
बनियनवर बसून
मी त्याच गोड्या पाण्यात मोजून मीठ घालतो,
लिटरला पस्तीस ग्रॅम,
आणि भाताच्या उलथन्यानं ढवळतो.
कामावर हे कुणाला सांगितलेलं नाही.

दगड यूसुफच्या दुकानातून आणले,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, किलोवर, सुरणासारखे.
मासे मागितले तर तो हसला.
दीड महिन्यानं ये.
दीड महिना मी रिकाम्या टाकीसमोर जेवलो.
वाळू पांढरी होती, ती तपकिरी झाली,
दगडाला शेवाळाची लव आली,
आणि एका रात्री दगडाच्या भोकातून
पिकल्या केसासारखं काहीतरी बाहेर आलं,
टॉर्च लावताच आत गेलं.
ते मी विकत घेतलं नव्हतं.

बाबांना फोनवर दाखवलं.
शिरोड्याच्या मिठागरात त्यांचा जन्म गेला,
पाणी उन्हाला द्यायचं, मीठ आपण ठेवायचं.
"मासे खंय आसत?"
अजून नाहीत.
"मगे बघतस काय?"
पाणी.
जरा वेळ नुसतीच खरखर. मग,
"चाखान बघलंस?"
माझ्याकडे थेंब ठेवून बघायची दुर्बीण आहे,
आकडा तीन दशांशांपर्यंत येतो.
मी बोट बुडवून जिभेला लावलं.
"खाडयेचा लागता काय भायल्या दर्याचा?"
दर्याचं, म्हटलं.
ते समाधानानं चहा प्यायला लागले.

मग दोन नारिंगी मासे, तीन गोगलगाई,
उसन्या शंखातला एक खेकडा.
बस्स.
यूसुफ म्हणतो, उपाशी ठेवून कुणी मासे मारत नाही,
जास्त घालून मारतात.

ऑगस्टात एका रात्री इमारतीचा एसी गेला.
दोन वाजता पाणी एकतीसवर.
फ्रीझरमध्ये मटारांमागे बर्फ झालेली बाटली होती,
ती तशीच झाकणासकट टाकीत तरंगत सोडली.
खोलीतला सोबती तेजबहादूर
पहाटेपर्यंत टेबलफॅन मांडीवर धरून बसला.
त्यानं समुद्र फक्त विमानातून पाहिलाय.
"हे खातात का?" त्यानं एकदाच विचारलं.
नाही म्हटल्यावर
फॅन आणखी जवळ सरकवला.

रोज सकाळी रेघेखाली नखभर पाणी उडालेलं असतं.
सुरुवातीला मी तिथं खारंच ओतायचो.
यूसुफनं कपाळाला हात लावला.
अरे, पाणी जातं. मीठ कुठे जातं?
ते आतच राहतं, दाट होत.
भर गोड्याचीच घालायची.
मिठागराच्या पोराला,
पाण्याच्या कारखान्यातल्या माणसाला
हे एका दुकानदारानं सांगायचं.

मार्चमध्ये माझा करार संपतो. वाढेल बहुतेक.
रेघ पुसट झालीय, मी ती गिरवली नाही.
आज उठलो तर
तेजबहादूर रात्रपाळीहून येऊन झोपला होता,
बुटांसकट,
आणि टाकीजवळ रिकामा तांब्या.
पाणी रेघेच्या
जरा वरच गेलंय.