पाण्याचा नंबर

पूर्वभागातली रात्रशाळा. आज धडा सातवा.
बोर्डावर लिहिलं : अण्वस्त्रे आणि जागतिक सत्ता.
'ण्व' काढताना खडू मोडला,
मागच्या बाकावर कुणीतरी तेलुगूत हसलं.

मार्च. पंखा नुसताच फिरतोय.
समोर एकोणीस जण, बरेचसे लूमवरून थेट आलेले,
भुवयांवर टॉवेलचा पांढरा कापूस,
वर्ग अवेळी म्हातारा दिसतोय.

सांगते : पाच देश. कायमच्या खुर्च्या.
बाकी सगळे हो म्हणाले तरी
एकाचं नाही पुरतं.
व्यंकटेश म्याकल हात वर करतो. वय बेचाळीस, यंदा दहावी :
"बाई, वापरायचाच न्हाई, तर केला कशाला?"

पुस्तकात उत्तर आहे. तीन ओळी, दोन मार्क.
ते वाचायच्या आत अंबक्का बोद्दुल सुरू होते,
मांडीवर सूप नसतानाही बोटं विडी वळतायत :

"आमच्या बोळात इरप्पाकडं पिस्तूल होतं की ओ.
एकदा वाजलं, लगेच दुसऱ्यांदा, पलीकडच्या बोळात.
ती दोन घरं अजून पत्रा ठोकून बंद हैत.
तवापासनं चार दिवसांआड पाणी आलं की
पहिली घागर इरप्पाची.
भांडायचा न्हाई हो. नुसता यायचा.
मग मल्लूनं घेतलं, मग आणि तिघांनी.
पाच झाले, आणि पाचांनी बसून ठरवलं :
आता बोळात कुणी पिस्तूल घ्यायचं न्हाई,
लेकरंबाळं हैत."

वर्ग हसतो.
"आणि आपण, बाई?"

आपण.
अठ्ठ्याण्णवचा मे. मी तेरा वर्षांची,
कन्ना चौकात पेढे वाटत होते.
कुणाचे पेढे, विचारलं नव्हतं.
आपलाही नंबर लागला, एवढंच कळलं होतं.
लागलाही असेल.
त्याच उन्हाळ्यात बाबांच्या कारखान्यात
चारशे डझन टॉवेल गोदीवरून परत आले.
गिऱ्हाईकानं कारण एका ओळीत लिहिलेलं,
ती ओळ बाबांनी डिक्शनरी घेऊन दोनदा वाचली.
मालकानं दोन पगार टॉवेलांत दिले.
पुढं सहा वर्षं आमच्याकडं
भांडी, फरशी, आजारी आत्याचं अंग,
सगळं परदेशी मापाच्या शुभ्र टॉवेलनं पुसलं.
मऊ होते. एक अजून आहे.

हे वर्गाला सांगत नाही. सांगते ते ताण्याचं :
"लूमवर ताणा दोन्हीकडून ओढलेला असतो ना, तसं.
कुणीच सैल सोडत नाही, म्हणून सगळं जागच्या जागी."
व्यंकटेश मान हलवतो. "न्हाई बाई.
नुसत्या ताणावर कापड होत न्हाई, आडवा धागा लागतो.
बंद लूमवर ताण तसाच ठिवला,
तर सकाळी तुटलेलं घावतंय.
पहिला धागा कुठला तुटला, कुणाला सांगता येत न्हाई."

परीक्षेत हे लिहू नका, मी म्हणते.

साडेनऊ. खालून आरोळी : पाणी आलं!
बाकं खरडली, एकोणीस जण एका दारातून.
अंबक्का उंबऱ्यात थांबली.
"इरप्पा गेला, बाई, दिवाळीत.
घर आवरताना निघालं पिस्तूल. पार गंजलेलं."
"मग?"
"वाजतंय का, कुणी विचारलं न्हाई.
पोराची घागर पहिलीच हाय."